विशेष शाळा : कोणासाठी, केव्हा आणि कशासाठी?

जून महिन्यात शाळा सुरू होतात आणि जुलै-ऑगस्टपासून आमच्या दवाखान्यात एक ठरावीक तक्रार येऊ लागते. आई मुलाला सर्दी-खोकल्यासाठी घेऊन येते. तपासणी होते, औषध लिहून होते आणि उठता उठता ती म्हणते, "डॉक्टर, याला एकदा नीट तपासून आणा, असं बाईंनी सांगितलंय. दुसरीत गेला तरी पहिलीची अक्षरं येत नाहीत." सोबत आजी असेल तर ती लगेच म्हणते, "याचा बापही उशिराच बोलायला लागला होता. होईल आपोआप." खोकल्याचे औषध पाच दिवसांत संपते. या दुसऱ्या प्रश्नाला मात्र आई-वडील कधी कधी पाच-पाच वर्षे हात लावत नाहीत, आणि ती वर्षे पुढे कोणत्याही औषधाने भरून निघत नाहीत.

म्हणून आजच्या लेखात बौद्धिक वाढ मंदावलेल्या मुलांविषयी आणि त्यांच्यासाठी असलेल्या विशेष शाळांविषयी माहिती घेऊ. अशा शाळेला गावात 'वेड्यांची शाळा' म्हणतात, आणि या एका नावामुळे कितीतरी मुले शाळेच्या दारापर्यंतही पोहोचत नाहीत.

हा वेडेपणा नव्हे

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. वेड, भ्रम, उदासीनता हे मनाचे आजार आहेत. ते चांगल्या बुद्धीच्या माणसालाही होतात आणि औषधाने त्यांना उतार पडतो. बौद्धिक अक्षमता हा आजार नसून ती एक अवस्था आहे. जन्मापूर्वी, जन्माच्या वेळी किंवा लहानपणी मेंदूच्या वाढीत अडथळा आल्यामुळे मुलाची समज वयाच्या मानाने मागे राहते. पूर्वी यालाच 'मतिमंदत्व' म्हणत. अनेक शाळांच्या पाट्यांवर आजही तोच शब्द दिसतो. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 'बौद्धिक अक्षमता' या अर्थाचा शब्द आला, आणि तोच वापरणे बरे.

निदान करताना दोन गोष्टी पाहतात. पहिली बुद्ध्यांक आणि दुसरी रोजच्या व्यवहारातील समज, म्हणजे जेवणे, कपडे घालणे, बोलणे, लोकांत मिसळणे, पैशाचा व्यवहार वगैरे. सरासरी बुद्ध्यांक 100 धरतात. तो साधारण 70 च्या खाली असेल आणि व्यवहारातही मूल मागे असेल, तरच बौद्धिक अक्षमता आहे असे म्हणतात. 50 ते 69 सौम्य, 35 ते 49 मध्यम, 20 ते 34 तीव्र आणि 20 च्या खाली अतितीव्र अशी विभागणी आहे. यातील बहुसंख्य मुले सौम्य गटात मोडतात. ही मुले दिसायला इतर मुलांसारखीच असतात, घरची कामे करतात, गप्पा मारतात. म्हणूनच शाळेत जाईपर्यंत ती कोणाच्या लक्षात येत नाहीत.

बुद्धिमापनाच्या कसोटीचा मूळ हेतू वाचकांना माहीत असावा. 1905 मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी पहिली कसोटी तयार केली, ती कोणत्या मुलांना शिकताना जादा मदत लागेल हे ओळखण्यासाठी. कोणाला कमी लेखावे हा तिचा उद्देश नव्हता. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी 1934 मध्ये या कसोटीचे मराठी व कानडी मुलांसाठी रूपांतर केले. बिने-कामत कसोटी म्हणून ती आजही वापरात आहे. व्यवहारातील समज मोजण्याची एक कसोटी नागपूरला काम केलेल्या डॉ. मॅलिन यांनी भारतीय मुलांसाठी बसवली. ही तपासणी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञानेच करावयाची असते. मुलाला 'पाचचा पाढा म्हण' म्हणून कोणीही बुद्ध्यांक सांगू शकत नाही.

प्रत्येक मागे पडणारे मूल असे नसते

वर्गात मागे पडण्याची कारणे अनेक आहेत. त्यांतील काही तर पूर्ण बरी होणारी आहेत, म्हणून खालील गोष्टी आधी तपासून घ्याव्यात.

कान : मुलाला कमी ऐकू येत असेल तर ते उशिरा बोलते, हाक मारली तर बघत नाही आणि वर्गात गप्प राहते. असे मूल 'बावळट' ठरते. वारंवार कान फुटणाऱ्या मुलांत हे विशेष आढळते.

डोळे : फळ्यावरचे दिसत नसलेले मूल वहीत काय लिहिणार? साध्या चष्म्याने वर्षभरात प्रगती झालेली मुले मी पाहिली आहेत.

थायरॉइड : काही बालकांत जन्मतःच ही ग्रंथी नीट काम करत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत निदान होऊन गोळी सुरू झाली, तर बुद्धीची वाढ सहसा चांगली होते. काही महिने उशीर झाला की झालेले नुकसान भरून येत नाही. नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे दोन थेंब घेऊन ही तपासणी होते. बाळंतपण जेथे होईल तेथे ती आग्रहाने मागावी.

वाचन-लेखनाची अडचण : काही मुलांची बुद्धी उत्तम असते, पण अक्षरे उलटी दिसल्यासारखी लिहिली जातात, वाचन अडखळते किंवा आकडेमोड जमत नाही. यांना अध्ययन अक्षमता असते. या मुलांना विशेष शाळेची गरज नसते. त्यांना साध्या शाळेतच वेगळी मदत लागते आणि दहावी-बारावीला मंडळाकडून सवलती मिळतात.

स्वमग्नता आणि मेंदूचा पक्षाघात याही वेगळ्या अवस्था आहेत. दोन्हींत काही मुलांची बुद्धी कमी असते, काहींची चांगली असते. हातपाय कडक आहेत आणि बोलणे अस्पष्ट आहे म्हणून ते मूल समजत नाही, असे गृहीत धरणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

कारणे थोडक्यात

गरोदरपणात आईला झालेले काही संसर्ग (उदा. जर्मन गोवर), आयोडीनची कमतरता, दारूचे सेवन, अपुऱ्या दिवसांचे वा फार कमी वजनाचे बाळ, जन्मतः उशिरा रडणे, पहिल्या आठवड्यातील तीव्र कावीळ, मेंदूज्वर, डोक्याला मार आणि काही आनुवंशिक दोष ही प्रमुख कारणे. जवळच्या नात्यातील लग्नांत काही आनुवंशिक दोषांची शक्यता वाढते. मामाची मुलगी करण्याची प्रथा ज्या घरांत आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तिरपे डोळे, चपटे नाक आणि आखूड बोटे असलेली काही मुले एकमेकांची भावंडे वाटावीत इतकी सारखी दिसतात. हा डाउन सिंड्रोम. पेशीतील 21 क्रमांकाच्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असल्यामुळे तो होतो, हे 1959 मध्ये सिद्ध झाले. आईचे वय वाढते तशी त्याची शक्यता वाढते, पण तरुण आयांनाही अशी मुले होतात.

बऱ्याच मुलांत सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही. एक मात्र निश्चित. ग्रहणात भाजी चिरली, आईने काही पाप केले, सासरच्या कोणाची नजर लागली, यांपैकी कशानेही असे मूल होत नाही. ज्या आईवर हे आरोप होतात तिलाच त्या मुलाचे सर्व काही करावयाचे असते, हे घरातील मोठ्यांनी विसरू नये.

घरच्या घरी काय पहावे?

मूल दोन महिन्यांपर्यंत आपल्याकडे बघून हसते, चार-पाच महिन्यांत मान धरते, आठ-नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसते. सव्वा-दीड वर्षापर्यंत एखाद-दुसरा अर्थपूर्ण शब्द बोलते, दीड वर्षापर्यंत चालते आणि दोन वर्षांपर्यंत 'आई ये', 'दूध दे' असे दोन शब्द जोडते. यांत थोडे मागेपुढे चालते. परंतु दोन-तीन गोष्टींत मूल बरेच मागे असेल, किंवा येत असलेली गोष्ट करेनासे झाले असेल, तर वाट पाहू नये.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली आरोग्य पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलांची तपासणी करतात. पथक येणार त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. शंका आल्यास तेथून मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. मेंदूची वाढ पहिल्या काही वर्षांत सर्वांत झपाट्याने होते. त्या काळात व्यायाम, खेळ, बोलण्याचा सराव यांतून जे साधते ते पुढे फार कष्टाने साधावे लागते.

शाळेत शिकवतात तरी काय?

"तिथं नुसती खेळवतात मुलांना. त्यापेक्षा घरी काय वाईट?" हा प्रश्न मला वडील मंडळी हमखास विचारतात. त्यासाठी अशी शाळा आतून पाहिली पाहिजे.

आमच्या भागात नगरपालिकेच्या जुन्या इमारतीत अशी एक लहान शाळा आहे. महिन्यातून एकदा मुलांच्या तपासणीसाठी माझे तेथे जाणे होते. चार खोल्या, एक व्हरांडा आणि चाळीसच्या आत मुले. वर्ग वयावरून कमी आणि समजेवरून जास्त केलेले असतात: पूर्वप्राथमिक, प्राथमिक, माध्यमिक आणि मोठ्या मुलांसाठी व्यवसायपूर्व. अशा शाळांत साधारण आठ मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण धरले जाते. साठ मुलांच्या वर्गाशी तुलना केली म्हणजे फरक कळेल.

येथे प्रत्येक मुलाचा अभ्यासक्रम वेगळा असतो. दाखल होताना त्याला काय येते आणि काय येत नाही याची यादी करतात. त्यातून पुढील काही महिन्यांसाठी मोजकी उद्दिष्टे ठरवतात आणि मुदत संपली की पुन्हा तपासतात. 'मुलाने शहाणे व्हावे' असे उद्दिष्ट कोणी लिहीत नाही. 'सांगितल्यावर स्वतः हात धुऊन रुमालाने पुसेल' असे लिहितात, कारण ते झाले की नाही हे डोळ्यांनी दिसते.

शिकवण्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. आपल्याला शर्टाचे बटण लावणे ही एक क्रिया वाटते. शिक्षिका तिचे पाच-सहा तुकडे करतात. एका हाताने काज्याची कड धरणे, दुसऱ्या हाताने बटण धरणे, ते काज्यात अर्धे घालणे, पलीकडून पकडणे आणि ओढणे. पहिल्या दिवशी बाकी सर्व बाई करतात, मूल फक्त शेवटचे ओढण्याचे काम करते. ते जमले की शेवटचे दोन टप्पे त्याच्याकडे. असे मागून पुढे येत एक दिवस ते मूल सगळे बटण स्वतः लावते. यातली खुबी अशी की, पहिल्याच दिवसापासून काम पुरे केल्याचा आनंद मुलाला मिळतो. लगेच शाबासकी मिळते, म्हणून ते पुन्हा करावेसे वाटते. बटण मोठे घेतात, शर्ट आधी टेबलावर ठेवतात, मग अंगावर. हीच रीत दात घासण्याला, भाकरीचा तुकडा मोडण्याला आणि वेणी घालण्याला.

वाचनही शिकवतात, पण आधी उपयोगाचे. 'स्त्रिया', 'पुरुष', 'धोका', स्वतःचे नाव, गावाचे नाव, एस.टी.ची पाटी. गणितात दहाची नोट आणि वीसची नोट ओळखणे, दुकानातून बिस्किटाचा पुडा आणून उरलेले पैसे परत घेणे. आठवड्यातून एकदा शिक्षिका दोन-तीन मुलांना खरोखरच कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेतात. दुकानदारालाही आता सवय झाली आहे. तो घाई करत नाही.

या शाळेतील एका अकरा वर्षांच्या मुलीचे उदाहरण देतो. तिचे कपडे दिवसातून चार-पाच वेळा ओले होत. त्यामुळे आईला मजुरीला जाता येत नसे आणि नातेवाइकांच्या लग्नाकार्याला तर दोघी वर्षानुवर्षे गेल्याच नव्हत्या. घरच्यांचे म्हणणे, हा मुलीचा दोषच आहे, त्याला काय करणार? मी लघवी तपासली. जंतुसंसर्ग होता, त्याचे औषध दिले. पण मुख्य काम शाळेने केले. ती केव्हा ओली होते याची आठ दिवस वेळेनिशी नोंद ठेवली आणि त्या वेळेच्या थोडे आधी तिला नेणे सुरू केले. आईलाही घरी तेच करायला लावले. 'शू' म्हणता येत नव्हते म्हणून पोटावर हात ठेवण्याची खूण शिकवली. चार-साडेचार महिने लागले. आता आई दिवसभर कामाला जाते. मुलीचा बुद्ध्यांक जेवढा होता तेवढाच आहे, घर मात्र बदलले.

वाचकांना आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी वाटते. आपल्या बालवाड्यांतील ठोकळे, मणी, आकार बसवण्याचे पाट हे सर्व ज्या माँटेसरी पद्धतीतून आले, त्या मारिया माँटेसरी स्वतः डॉक्टर होत्या. त्यांनी आपल्या पद्धतीची सुरुवात रोममध्ये अशाच मंद बुद्धीच्या मुलांना शिकवताना केली, आणि मग 1907 मध्ये सर्वसाधारण मुलांसाठी बालगृह काढले. म्हणजे आपण सगळ्यांनी आपली मुले ज्या रीतीने शिकवली, ती रीत मुळात या मुलांनी घडवलेली आहे.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा जुनी आहे. मुंबईत 1944 मध्ये वकील दांपत्याने डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी घरातच वर्ग सुरू केला. त्यातून आजची जय वकील संस्था उभी राहिली. तिने तयार केलेला 'दिशा' हा अभ्यासक्रम आता राज्यातील इतर विशेष शाळांतही वापरला जातो. पुण्यात 1964 पासून कामायनी संस्था आहे. नवी मुंबई महापालिकेचे वाशीतील प्रशिक्षण केंद्र हे, स्थानिक स्वराज्य संस्था मनावर घेतल्यास काय करू शकते, याचे उदाहरण आहे. लहान गावांतील बहुतेक शाळा स्वयंसेवी संस्था शासनाच्या अनुदानावर चालवतात.

साधी शाळा की विशेष शाळा?

याचे उत्तर सर्व मुलांना एकच नाही. 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या साध्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क 2016 च्या कायद्याने दिला आहे. साध्या शाळेने 'आमच्याकडे जमणार नाही' म्हणून दार बंद करणे कायद्यात बसत नाही.

सौम्य गटातील मुलाला साध्या शाळेत ठेवण्याचा प्रयत्न अवश्य करावा. आजूबाजूची मुले पाहून ते बोलणे-वागणे लवकर उचलते. समग्र शिक्षा योजनेतून तालुक्याला विशेष शिक्षक असतात, त्यांची मदत मुख्याध्यापकांमार्फत मागावी. पण वर्गात ते मूल नुसते शेवटच्या बाकावर बसून राहत असेल, चिडवले जात असेल, किंवा वर्षभरात काहीच नवीन शिकले नसेल, तर केवळ लोक काय म्हणतील म्हणून त्याला तेथे ठेवू नये. मध्यम आणि तीव्र गटातील मुलांना बहुधा विशेष शाळेचा अधिक उपयोग होतो.

शाळा निवडताना पुढील गोष्टी पहाव्यात.

1. शाळेची शासकीय नोंदणी आहे का? शिक्षक विशेष शिक्षणाचे प्रशिक्षण घेतलेले आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले आहेत का?

2. आपल्या मुलाची लेखी उद्दिष्टे दाखवतात का?

3. मधल्या वेळेत न कळवता गेल्यास आत येऊ देतात का? मुले काय करत असतात?

4. स्वच्छतागृह कसे आहे? मुलींना मदत करायला बाई आहेत का?

5. मारतात का? एकाही मुलाच्या अंगावर वळ दिसला तर ती शाळा नको. या मुलांना रागाचे कारण समजत नाही, फक्त भीती समजते.

6. आकडी आल्यास काय करायचे हे सर्वांना ठाऊक आहे का?

प्रकृतीची काळजी

या मुलांच्या साध्या दुखण्याकडेही दुर्लक्ष होते, कारण त्यांना दुखते कोठे ते सांगता येत नाही. शांत मूल एकाएकी चिडचिड करू लागले, स्वतःला चावू लागले किंवा जेवेनासे झाले, तर ते 'वेड वाढले' असे समजण्यापूर्वी दात, कान, घसा, पोट आणि लघवी तपासून घ्या. बद्धकोष्ठासारखे साधे कारण असू शकते.

साधारण पाचांपैकी एका मुलाला आकडी येण्याचा त्रास असतो. औषध रोज, ठरलेल्या वेळी, डॉक्टरांनी सांगेपर्यंत द्यावे. 'सहा महिने आकडी आली नाही' म्हणून घरच्यांनी गोळी एकदम बंद केली आणि मूल लागोपाठच्या आकड्यांनी बेशुद्ध होऊन आले, असे प्रकार आम्हा डॉक्टरांना दरवर्षी पहावे लागतात. आकडी आली की मुलाला एका कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, वेळ पहा. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर तडक रुग्णालयात न्या. फेनिटोइन हे औषध चालू असल्यास हिरड्या वाढतात, तेव्हा दोन वेळा दात घासणे आवश्यक.

डाउन सिंड्रोमच्या जवळजवळ निम्म्या मुलांना हृदयाचा जन्मजात दोष असतो. त्यांची सोनोग्राफीने हृदयतपासणी लहानपणीच करावी. थायरॉइड, डोळे आणि कान यांची तपासणी वेळोवेळी व्हावी. त्यांच्या मानेचे सांधे सैल असू शकतात, म्हणून तपासल्याशिवाय कोलांटउड्या मारायला लावू नयेत.

मुलगी वयात येण्याआधी एक-दोन वर्षांपासून तिला पॅड लावण्याचा सराव बाहुलीवर आणि मग स्वतःवर द्यावा. 'पाळीचे झंझट नको' म्हणून गर्भाशय काढून टाकण्याची मागणी काही पालक करतात. अशा कारणासाठी ही शस्त्रक्रिया करू नये. मुलगा असो की मुलगी, अंगाला कोण कोठे हात लावू शकतो, 'नाही' म्हणून ओरडायचे कसे आणि कोणाला सांगायचे, हे शिकवलेच पाहिजे. सांगता येणार नाही अशा मुलांवरच वाईट माणसांची नजर असते, आणि ती माणसे बहुधा ओळखीचीच निघतात. असा प्रकार लक्षात आल्यास झाकून ठेवू नये. 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांत कळवणे बंधनकारक आहे.

काही गैरसमज

बुद्धी वाढवणारे टॉनिक : अशा मुलांचा बुद्ध्यांक वाढवणारे कोणतेही औषध, सिरप वा इंजेक्शन आज उपलब्ध नाही. तो पैसा दूध, अंडी, डाळ आणि शाळेच्या रिक्षावर खर्च करावा.

अंगारे-धुपारे : कोणाची श्रद्धा मोडण्याचा माझा हेतू नाही. परंतु ज्याच्यामुळे गोळ्या बंद होतात, मुलाला चटके बसतात किंवा उपाशी ठेवले जाते, तो उपाय नव्हे.

लग्न केले की सुधारेल : सुधारत नाही. फसवून केलेल्या अशा लग्नाने दोन घरांचे नुकसान होते.

बांधून ठेवल्याशिवाय इलाज नाही : फार हालचाल करणाऱ्या मुलालाही ठरावीक दिनक्रम, हाताला काम आणि गरज असल्यास बालमानसोपचार यांनी सांभाळता येते. बांधल्याने चिडखोरपणा वाढतो.

कागदपत्रे आणि अठरानंतर

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्याबरोबरचे वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) यांसाठी संगणकावर अर्ज करून जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या दिवशी तपासणी होते. आधार कार्ड, रहिवासाचा पुरावा आणि मुलाचे जुने सर्व कागद बरोबर न्यावेत. एस.टी. व रेल्वे प्रवासातील सवलत आणि शासनाच्या इतर योजना यांचा मार्ग याच कागदातून जातो. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंत उपचारखर्चाचा विमा मिळतो.

अठरा पूर्ण झाल्यावर कायद्याच्या दृष्टीने मूल सज्ञान होते, आणि आई-वडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. बँक खाते, मालमत्ता यांत अडचण येते. त्यासाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा. वडील शासकीय नोकरीत असतील, तर कमावू न शकणाऱ्या अशा मुलाला पुढे कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. त्यासाठी कार्यालयात त्याची नोंद हयातीतच करून ठेवावी. वारसांत वाद होणार नाहीत असे मृत्युपत्रही करून ठेवावे.

शाळा संपल्यावर मूल पुन्हा घरात कोंडले गेले, तर शिकलेले विसरते. पणत्या रंगवणे, राख्या, द्रोण-पत्रावळी, कागदी पिशव्या अशी कामे व्यवसायपूर्व वर्गात शिकवतात. घरच्या दुकानात पुड्या बांधणे, गोठ्यात वैरण टाकणे, झाडांना पाणी घालणे हीसुद्धा कामेच आहेत. रोज ठरलेल्या वेळी ठरलेले काम आणि महिनाअखेर हातात थोडे पैसे, एवढ्याने माणूस ताठ चालू लागतो, हे आपल्याला आपल्यावरून माहीत आहे.

"आमच्यानंतर याचं कोण?" हा प्रश्न प्रत्येक आई-वडिलांच्या मनात असतो. त्याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे किंवा कोणत्याही डॉक्टरकडे नाही. परंतु स्वतः जेवणाऱ्या, स्वतः अंघोळ करणाऱ्या आणि चार शब्द सांगू शकणाऱ्या माणसाला सांभाळायला भाऊ, वहिनी, पुतण्या तयार होतात. सगळेच दुसऱ्यावर अवलंबून असलेल्याला सांभाळणे प्रेम असूनही जड जाते. हा फरक घडवण्याचे काम विशेष शाळा करते, आणि त्यासाठी मूल तेथे वेळेवर पोहोचले पाहिजे.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरात, शेजारी किंवा वर्गात असे मूल असेल, तर याच महिन्यात तीन गोष्टी करा. त्याचे कान व डोळे तपासून घ्या. जिल्हा रुग्णालयात किंवा मानसशास्त्रज्ञाकडे त्याची चाचणी करा. आणि जवळच्या विशेष शाळेत एक सकाळ जाऊन बसा. नाव घालायचे की नाही हे नंतर ठरवा, आधी पाहून तर या.